ऊसमळ्यांतले पाळकसाहेब आणि पाळकीणबाई : त्रिनिदादच्या मॉर्टन दांपत्याची पार्श्वभूमी

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. २०११च्या जनगणनेत तिथले प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) ख्रिस्ती लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या आसपास निघाले. एवढ्याशा मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) ७२ प्राथमिक आणि ५ माध्यमिक शाळा आहेत. त्यांच्या वर्गांत हिंदू आणि मुसलमान घरांतली मुलं मोठ्या संख्येने बसतात, आणि या माध्यमिक शाळांत प्रवेश मिळावा म्हणून पालक जिवाचं रान करतात. १९९५मध्ये त्या देशाचे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झालेले बासदेव पांडे लहानपणी प्रेस्बिटेरियन शाळेत शिकले. पहिल्या महिला पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर या इयेर हायस्कूलच्या. तीही याच मंडळीची शाळा.

या शाळा का निघाल्या आणि कुणासाठी निघाल्या, हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे, उसाच्या मळ्यांत जावं लागतं. तिथे भारतातून बोटीने आणलेले करारबद्ध मजूर राबत होते. कॅनडातून आलेलं एक पाळक दांपत्य त्यांच्यात जाऊन राहिलं आणि चव्वेचाळीस वर्षं तिथेच राहिलं. रेव्हरंड जॉन मॉर्टन आणि सारा मॉर्टन ही त्यांची नावं. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशनबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. परदेशी गेलेल्या भारतीय मजुरांमधल्या या कामाची मात्र आपल्याकडे फारशी माहिती नसते, म्हणून हे टिपण.

मजूर तिथे पोचले कसे

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १८३४पासून लागू झाला. गुलामांना लगेच मोकळं केलं नाही. ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे राबवलं. १८३८मध्ये ते खरोखर मोकळे झाले, तेव्हा त्रिनिदादमध्ये पडीक जमीन भरपूर होती. ज्याला शक्य झालं त्याने मळा सोडून स्वतःचं खोपटं आणि वावर उभं केलं. ते साहजिकच होतं. मळेवाल्यांनी मदेराचे पोर्तुगीज आणून पाहिले, चिनी आणून पाहिले, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले आफ्रिकी आणून पाहिले. पुरेसे आणि स्वस्त मजूर काही मिळेनात. मॉरिशसने १८३४पासून आणि ब्रिटिश गयानाने १८३८पासून भारतीय मजूर न्यायला सुरुवात केली होती. त्रिनिदादने तोच रस्ता धरला. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कोलकात्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्याला लागलं. भरती १९१७मध्ये थांबली. तोवर एक लाख चाळीस हजारांहून जास्त भारतीय तिथे नेले गेले होते. साधारण चारांतला एक परत आला.

आपल्या कोकणातले मजूर मुंबई बंदरातून प्रामुख्याने मॉरिशसला गेले आणि तिथे आजही मराठी समाज आहे. त्रिनिदादची बहुतेक भरती कोलकात्याहून झाली. बस्ती, गोंडा, आझमगड, गाझीपूर, शहाबाद, सारण अशा जिल्ह्यांतले, भोजपुरी आणि अवधी बोलणारे लोक त्यात होते. काही वर्षं मद्रासहूनही जहाजं गेली. गावोगावी फिरणारे दलाल, त्यांना अरकाटी म्हणत, माणशी पैसे घेऊन भरती करत. कुठे जायचंय, किती दिवसांचा प्रवास आहे, काम काय आहे, हे नीट सांगणं त्यांच्या फायद्याचं नव्हतं.

करार पाच वर्षांचा. धडधाकट पुरुषाला दिवसाला पंचवीस सेंट, अशक्तांना त्याहून कमी. प्रत्यक्षात मजुरी ‘टास्क’वर, म्हणजे नेमून दिलेल्या कामावर ठरे, आणि टास्क किती मोठा हे मळ्याचा मुकादम ठरवी. मळ्याबाहेर जायला चिठ्ठी लागे. कामावर न येणं, काम अपुरं राहणं, परवानगीशिवाय बाहेर पडणं हे सगळे फौजदारी गुन्हे होते. खाड्याची शिक्षा पगारकपातीवर भागत नसे, माणूस तुरुंगात जाई. राहायला बरॅक. एका ओळीत दहा-बारा फुटांच्या खोल्या आणि मधल्या भिंती छतापर्यंत न पोचलेल्या. गिरणगावातल्या चाळीची खोली डोळ्यांपुढे आणावी, त्यातून दार लावल्यावर मिळणारा थोडासा आडोसाही वजा करावा, म्हणजे त्या बरॅकची कल्पना येईल. एका खोलीतलं बोलणं, भांडण, बाळंतपण सगळ्या ओळीला ऐकू जाई.

बायका कमी होत्या. नियमाने शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवाव्या लागत, त्या भरतानाही दलालांची दमछाक होई. त्यात हिंदू आणि मुसलमान पद्धतीने लागलेल्या लग्नांना वसाहतीच्या कायद्यात किंमत नव्हती. बायको कायद्याने बायको नाही आणि मुलं कायद्याने औरस नाहीत. मुसलमान विवाहांना १९३०च्या दशकात मान्यता मिळाली आणि हिंदू विवाहांना १९४०च्या दशकात. म्हणजे पहिलं जहाज लागल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं. मजुरांच्या संसारांची जी वाताहत झाली तिचं खापर गोऱ्या अधिकाऱ्यांनी भारतीयांच्या ‘स्वभावा’वर फोडलं. कायद्याने काय काढून घेतलं होतं, याचा हिशेब त्यांनी केला नाही.

नोव्हा स्कोशियाचा संबंध

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाचा आणि त्रिनिदादचा संबंध माशामुळे आला. तिकडून खारवलेला कॉड मासा कॅरिबियन बेटांवर जाई, तिकडे साखर, काकवी आणि रम येई. गुलामांच्या आणि पुढे मजुरांच्या जेवणात हाच खारा मासा असे. त्यामुळे हॅलिफॅक्सच्या बंदरातून त्रिनिदादला जाणारी जहाजं नवलाची नव्हती.

जॉन मॉर्टन यांचा जन्म १८३९चा, नोव्हा स्कोशियातला, स्कॉटिश वंशाच्या प्रेस्बिटेरियन घरातला. ब्रिजवॉटर नावाच्या गावात ते पाळक होते. घटसर्पाने तब्येत ढासळली, म्हणून १८६४च्या अखेरीस हवापालटासाठी ते एका व्यापारी जहाजाने त्रिनिदादला गेले. तिथे त्यांनी मळ्यांत हजारो भारतीय पाहिले. या लोकांकडे कोणतीही मंडळी वळलेली नव्हती आणि मळ्यात त्यांच्या मुलांसाठी शाळाही नव्हती. परत आल्यावर मॉर्टन यांनी आपल्या आणि इतर प्रेस्बिटेरियन मंडळ्यांकडे खटपट सुरू केली. इतरांनी अंग काढून घेतलं. शेवटी त्यांच्याच मंडळीच्या सिनडने (धर्मसभेने) होकार दिला आणि जायला मॉर्टन स्वतःच तयार झाले. ही मंडळी लहान होती. तिने १८४६मध्ये जॉन आणि शार्लट गेडी या दांपत्याला दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर पाठवलं होतं, तेवढाच काय तो परदेशी कामाचा अनुभव तिच्या गाठीला होता.

जानेवारी १८६८मध्ये जॉन, सारा आणि त्यांची लहान मुलगी त्रिनिदादला उतरले. सारा या हॅलिफॅक्सच्या सिल्व्हर घराण्यातल्या. बेटाच्या दक्षिणेला, ऊसमळ्यांच्या मधोमध असलेल्या इयेर व्हिलेज इथे एका अमेरिकन मिशनने सोडलेलं घर आणि देवळाची इमारत होती. ती त्यांना मिळाली.

हिंदी शिकणं

मॉर्टन यांचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हणजे हिंदी शिकण्याचा. इंग्रजी शिकवून मग देवाचं सांगू, असा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता आणि तो सोपाही होता. त्याऐवजी दोघं नवराबायको मजुरांची भाषा शिकायला बसले. मॉर्टन घोड्यावरून मळ्यामळ्याला जात. बरॅकच्या अंगणात, झाडाखाली, मळ्याच्या इस्पितळात खाटेवर पडलेल्या माणसांपुढे ते हिंदीत बोलत. मजुरांनी तुलसीदासांचं रामचरितमानस सोबत आणलं होतं, आणि दिवसभर ऊस तोडून रात्री त्याचं वाचन चाले. मॉर्टन यांच्याशी वाद घालायला पंडित आणि मौलवी पुढे येत. मजूर म्हणजे कोरी पाटी, असा कुणाचा समज असेल तर तो तिथे पहिल्याच वर्षी पुसला गेला असणार.

धर्मांतरं कमी झाली. पुढची कित्येक दशकं गेली तरी भारतीयांतले ख्रिस्ती दहांत एक या प्रमाणाच्या आसपासच राहिले. शाळांचं मात्र वेगळं घडलं.

१८६८मध्येच इयेर व्हिलेजच्या घरी मोजक्या मुलांना घेऊन शिकवणं सुरू झालं. सरकारी ‘वॉर्ड स्कूल्स’ तेव्हा होती, पण १८६९मध्ये आयर्लंडहून शाळांच्या पाहणीसाठी आलेल्या पॅट्रिक कीनन यांना त्यांत भारतीय मुलं जवळजवळ दिसलीच नाहीत. कारणं उघड होती. शिकवणं परक्या भाषेत, शाळा मळ्यापासून लांब, वर्गातली इतर मुलं यांना ‘कुली’ म्हणून हिणवणार, आणि पोरगं गवत काढायला गेलं तर चार सेंट घरात येणार. धर्म बाटेल ही भीती होतीच. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांना भारतीयांसाठी वेगळ्या शाळा पटल्या होत्या. मळेवाल्यांनीही पैसे दिले. त्यांचा हिशेब सरळ होता. मिशनची शाळा असली तर मजूर टिकतो, मन रमतं, करार संपल्यावरही माणूस मळ्याजवळ राहतो.

या शाळांत मुलं आली, कारण त्यांत हिंदी होती. शिक्षकाला घरची भाषा येत होती, वर्गातली सगळी मुलं मळ्यातलीच होती, आणि आईला येऊन शिक्षकाशी बोलता येत होतं. हिंदीबरोबर इंग्रजीही शिकवली जाई आणि मळ्यातून बाहेर पडायचा रस्ता इंग्रजीतूनच जात होता, हे पालकांनी फार लवकर ओळखलं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा शाळांची संख्या पन्नासच्या आसपास पोचली होती. लोक त्यांना ‘कॅनेडियन मिशन’च्या शाळा म्हणत.

पाळकीणबाई

मिशनच्या इतिहासात बायकांची नावं फार करून नवऱ्याच्या नावाआड जातात. सारा मॉर्टन यांच्याबाबत तसं होऊ देणं चुकीचं ठरेल. मजुरांतल्या बायकांपर्यंत पोचणं जॉन यांना शक्यच नव्हतं. बरॅकमधली बाई परक्या पुरुषाशी, त्यातून गोऱ्या साहेबाशी काय बोलणार? साराबाई हिंदी शिकल्या, बायकांमध्ये बसू लागल्या, मुलींना शिवण आणि वाचन शिकवू लागल्या.

मुलींना शाळेत टिकवणं सगळ्यांत कठीण होतं. बारा वर्षांच्या आत लग्न ठरे आणि शाळा संपे. बायका कमी असलेल्या समाजात मुलीला मागणी लवकर येई, तिच्या बदल्यात पैसेही मिळत. १८९०मध्ये साराबाईंनी बेटाच्या उत्तरेला टुनापुना इथे मुलींचं वसतिगृह सुरू केलं. तिथे वाढत्या वयाच्या मुली राहत. हिंदी आणि इंग्रजी वाचणं, शिवणकाम, स्वयंपाक, घर चालवणं, बायबल हे सगळं शिकत. पुढे त्यांतल्या कित्येकींची लग्नं मिशनमधल्या तरुण शिक्षकांशी आणि धर्मोपदेशकांशी लागली. हेतूही तोच होता. शिकलेल्या ख्रिस्ती तरुणाला शिकलेली ख्रिस्ती बायको मिळावी, म्हणजे घर उभं राहील.

आजच्या नजरेने यातलं बरंच खटकतं. मुलीचं शिक्षण चांगल्या बायकोच्या साच्यात बसवलेलं होतं. लग्न जुळवण्याचा अधिकार बापाकडून निघाला आणि मिशनकडे गेला, मुलीकडे आलाच नाही. साराबाईंच्या लिखाणात हिंदू रूढींबद्दल आणि भारतीय बायकांच्या वागण्याबद्दल कडक, कधी कधी अपमानास्पद मतं आहेत. ती त्यांच्या काळाची होती म्हणून सोडून द्यावीत असं मला वाटत नाही, कारण त्या बायकांना ती मतं जाणवत असणारच. तरीही बारा वर्षांच्या मुलीचं लग्न तीन-चार वर्षं लांबलं, तिला पत्र वाचता आलं, हिशेब करता आला, हा त्या मुलीच्या आयुष्यातला फार मोठा फरक होता. त्या काळात तिच्यासाठी हे करायला दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं. सरकारही नाही आणि मळेवालेही नाहीत.

साराबाईंच्या बरोबरीने अनेक अविवाहित कॅनेडियन शिक्षिका आल्या. त्यांतल्या ब्लॅकॅडरबाई १८७६पासून कित्येक दशकं टॅकारिग्वाच्या शाळेत शिकवत राहिल्या. मॉर्टन यांच्या मुलांपैकी आर्थरचा जन्म १८७०चा, त्रिनिदादमधलाच. ते पुढे कॅनडात इतिहासाचे नामांकित प्राध्यापक झाले. हार्वी मात्र पाळक होऊन टुनापुनाच्या कामात आले. संसार आणि सेवाकार्य वेगळं करायला जागाच नव्हती. मिशनच्या घराची ओसरी ही शाळा, दवाखाना, पंचायत आणि पाहुण्यांची खोली असं सगळंच होती.

सॅन फर्नांडो आणि टुनापुना

१८७०मध्ये केनेथ जेम्स ग्रँट हे दुसरे कॅनेडियन पाळक पत्नीसह आले आणि सॅन फर्नांडो शहरात राहिले. १८७२मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या देवळाला ‘सुसमाचार’ हे हिंदी नाव मिळालं आणि ते आजही आहे. ग्रँट यांच्या सोबतचे लाल बिहारी हे भारतातून आलेले गृहस्थ १८८२मध्ये पाळक म्हणून दीक्षित झाले. मजुरांच्या समाजातून पाळक होणारे ते पहिले. या दोघांच्या जोडीने दक्षिणेतलं काम वाढवलं. कॉलेजची पायाभरणीही तिथलीच. १८९२मध्ये धर्मशास्त्राचं महाविद्यालय निघालं, तिथे मॉर्टन शिकवत. १८९४मध्ये नापारिमा कॉलेज आणि शिक्षकांचं प्रशिक्षण महाविद्यालय निघालं, आणि १९१२मध्ये मुलींचं नापारिमा हायस्कूल.

मॉर्टन दांपत्य १८८१मध्ये उत्तरेला टुनापुनाला गेलं. कारोनीच्या सपाटीवर करार संपलेले भारतीय वस्ती करत होते. यामागेही एक सरकारी धोरण होतं. दहा वर्षं राहिल्यावर मजुराला परतीचा फुकट प्रवास मिळायचा. १८६९पासून सरकारने त्याऐवजी जमीन देऊ केली. परतीचं भाडं वाचलं, माणूसही वसाहतीतच राहिला. ज्यांना जमीन मिळाली, ज्यांनी पुढे विकत घेतली, त्यांनी भात, ऊस, कोको लावला आणि गावं वसवली. देऊळ आलं, मशीद आली, मिशनची शाळा आली. मजूर शेतकरी होत असताना त्याच्या मुलाला शिक्षक, कारकून, दुभाषी, वकील व्हायची वाट याच शाळांतून फुटली.

सगळं इतकं सुरळीत मात्र नव्हतं. जर्मनीसारख्या देशांनी बीटच्या साखरेला सरकारी मदत दिल्याने १८८४च्या सुमारास उसाच्या साखरेचे भाव कोसळले. मळेवाल्यांनी तोटा मजुरांवर ढकलला. त्याच पैशांत टास्क वाढवले. संप झाले. त्याच वर्षी सरकारने मोहरमच्या ताजियांची मिरवणूक शहरात आणायला बंदी घातली. त्रिनिदादमध्ये ‘होसे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सणात मुसलमानांबरोबर हिंदू मजूरही सामील होत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. किमान सोळा माणसं मेली, शंभराहून जास्त जखमी झाली. मिशनच्या सर्वांत मोठ्या केंद्राच्या दारात हे घडलं.

शिक्षणाची किंमत

इथे मॉर्टन यांच्या कामाची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. करारपद्धतच बंद करा, अशी मोहीम मिशनने चालवली नाही. मळेवाल्यांच्या देणग्यांवर शाळा उभ्या होत्या आणि मळ्यात पाऊल ठेवायलाही त्यांची संमती लागे. एखाद्या मजुराच्या बाजूने शब्द टाकणं, आजाऱ्याची सोय लावणं, एखाद्याला कामातून सोडवून शिक्षक करणं, हे मिशन करत राहिलं. चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पडल्याबद्दल माणसाला तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याशी मात्र मिशनने उघड भांडण घेतलं नाही. मॉर्टन भांडले असते तर मळ्यांची दारं बंद झाली असती आणि शाळा मिटल्या असत्या, असं त्यांच्या बाजूने म्हणता येतं. ते खरंही असेल. पण त्या गप्प राहण्याचा भार मजुरांनी उचलला.

दुसरी किंमत धर्माची. शाळेत येणाऱ्या मुलाने ख्रिस्ती व्हावं अशी सक्ती नव्हती, आणि बहुसंख्य मुलं हिंदू किंवा मुसलमान म्हणून आली तशीच बाहेर पडली. शिक्षकाची नोकरी हवी असेल तेव्हा गोष्ट बदले. मिशनच्या शाळेत शिकवायचं तर बहुधा बाप्तिस्मा घ्यावा लागे, आणि खेड्यातल्या शिकलेल्या भारतीय तरुणाला शिक्षकाइतकी मानाची नोकरी दुसरीकडे मिळत नव्हती. त्यातून घरं दुभंगली. काहींनी नाव बदललं आणि मनातून देव बदलला नाही. काही मनापासून ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या चार पिढ्या आज अभिमानाने त्या मंडळीत आहेत. दोन्ही प्रकारच्या माणसांना आपण समजून घेतलं पाहिजे. बरॅकमधून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहिल्याशिवाय त्याच्या निवडीचा निवाडा करू नये. हिंदूंच्या स्वतःच्या शाळांचं मोठं जाळं उभं राहायला १९५०चं दशक उजाडलं. सनातन धर्म महासभा १९५२मध्ये स्थापन झाली आणि भादसे सागन महाराज यांच्या पुढाकाराने तिने भराभर शाळा बांधल्या. धर्माची चिंता न करता मूल शाळेत घालण्याची सोय खेड्यापाड्यांतल्या हिंदू पालकांना तेव्हा झाली.

याच कॅनेडियन मंडळीचे मिशनरी १८७७पासून भारतातही आले, तेही होळकरांच्या इंदूरमध्ये आणि माळव्यात. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७चं. मराठी राजवटीत काम करणाऱ्या त्या मिशनऱ्यांना संस्थानची परवानगी, जातींचं राजकारण, जुन्या विद्येची परंपरा या सगळ्यांशी जुळवून घ्यावं लागलं. त्रिनिदादमधल्या मजुरांच्या पाठीशी संस्थान नव्हतं आणि विद्यापीठही नव्हतं. तिथे मिशनची शाळा जवळपास एकटीच होती, म्हणून तिचं चांगलं आणि वाईट, दोन्ही इतकं खोल गेलं.

१९१२

करारपद्धतीच्या मुळावर घाव घालायला पुण्याच्या माणसाला पुढे यावं लागलं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी आधी १९१०मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत जाणाऱ्या मजुरांचा प्रश्न केंद्रीय कायदेमंडळात लावून धरला होता. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही भरती सगळ्याच वसाहतींसाठी बंद करावी असा ठराव मांडला. ही पद्धत मुळातच अन्यायाची, फसवणुकीवर उभी आणि बळजबरीवर टिकलेली आहे, असं ते म्हणाले. खाड्याबद्दल तुरुंग, अरकाट्यांचा खोटेपणा, बायकांची अवस्था हे सगळं त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. दोनच वर्षांपूर्वी लंडनच्या सँडरसन समितीने किरकोळ सुधारणा करून पद्धत चालू ठेवावी असा अहवाल दिला होता. त्यामुळे सरकार आपल्या जागेवर ठाम होतं. सरकारी सदस्यांच्या बहुमताने ठराव पडला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉन मॉर्टन टुनापुनाला वारले. १९१६मध्ये साराबाईंनी नवऱ्याची पत्रं, टिपणं आणि रोजनिशी जमवून मोठं पुस्तक प्रसिद्ध केलं. आज करारबद्ध मजुरांवर लिहिणारे अभ्यासक त्या पुस्तकाकडे वळतात ते मिशनच्या यशासाठी कमी आणि मळ्यातल्या रोजच्या जगण्याच्या तपशिलासाठी जास्त. त्याच १९१६मध्ये मदनमोहन मालवीय यांनी गोखल्यांचा विषय पुन्हा कायदेमंडळात आणला. गोखले वर्षभरापूर्वी गेले होते. या वेळी व्हाइसरॉय हार्डिंज यांनी तत्त्वतः मान्यता दिली, १९१७मध्ये भरती थांबली, आणि १९२०मध्ये उरलेसुरले करारही रद्द झाले.

मळे राहिले, मजुरी तुटपुंजीच राहिली. दक्षिण त्रिनिदादमध्ये १९०५मध्ये जन्मलेला कृष्णा देवनारायण नावाचा मुलगा नापारिमा कॉलेजात शिकला. पुढे त्याने एड्रियन कोला रिएंझी हे नाव घेतलं आणि परदेशी जाऊन वकिली शिकला. १९३७मध्ये तेल कामगारांच्या उठावानंतर रिएंझी तेल कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी साखर मळे आणि कारखान्यांतल्या कामगारांची संघटना बांधली. आफ्रिकी वंशाचे तेल कामगार आणि भारतीय वंशाचे ऊस कामगार, या दोघांचंही नेतृत्व तेव्हा त्यांच्याकडे होतं.